अण्णांचा धोटा

कापडगिरणीत वीस वर्षं काढली की दोन गोष्टी साठतात. कानात कापूस आणि डोक्यात किस्से! कापूस आंघोळीनं निघतो. किस्से मात्र चार माणसं बसली की बाहेर पडतातच. आमच्या खात्यातले निम्मे सिद्रामअण्णांचे.

अण्णा माझ्या शेजारच्या दोन मागांवर. आडवा धागा नेणाऱ्या लाकडी धोट्यात सुताची नवी कांडी भरली की त्याच्या भोकाला ओठ लावायचे आणि श्वासानं धागा ओढायचा, ही आमची रीत. अण्णांच्या गालात कायम तंबाखू. त्यांच्या धोट्याला दुसरं कुणी तोंड लावायचं नाही.

"माज्या मागाला राखणदार लागत न्हाय!" अण्णा ऐटीत सांगायचे.

*

एकदा अण्णांच्या मागावरच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर तपकिरी डाग निघाला. आमच्यावर देखरेख करणारा जॉबर लालबुंद. "हे काय?"

अण्णा म्हणाले, "माग म्हातारा झालाय की ओ. थुंकतोय!"

जॉबरलाही हसू आवरेना.

*

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत बसव्वावहिनींनी नवऱ्याला, म्हणजे अण्णांना, देवासमोर तंबाखू सोडायची शपथ घ्यायला लावली. तिसऱ्या दिवशी अण्णा मागावर तंबाखू-चुना मळताना दिसले.

"अण्णा, शपथ?"

"ती घरातली हाय. हितं ड्युटी हाय!"

*

मग जेवणाच्या सुट्टीत अण्णा कडक भाकरी पाण्यात भिजवायला लागले. जी भाकरी ते पापडासारखी मोडायचे ती!

"दात पडले का काय?"

"दात लई मजबूत हायत. दार तेवढं उघडत न्हाय."

आम्ही खो खो हसलो. आता आठवलं की लाज वाटते.

*

गाल आखडला, ओठ जुळेनात, धागा येईना. माग थांबला की जॉबर बघणार आणि अण्णांचं काम जाणार. म्हणून जॉबरची पाठ वळली की मीच त्यांचा धागा ओढून द्यायचो. पहिल्यांदा ओढला तेव्हा तंबाखूच्या चवीनं भडभडून ओकलो. अण्णा पाठ चोळत म्हणाले, "हुईल सवय रं मल्लू."

दोन महिने निभलं. मग जॉबरनं पाहिलं. अण्णांना घरी बसवलं आणि त्यांचे माग मलाच दिले. मी मेल्याहून मेलो.

*

पाचेक महिन्यांनी भोंगा झाल्यावर बाहेर आलो, तर फाटकाशी अण्णा. निम्मे झालेले. आता तोंडात चमचासुद्धा जात नव्हता, वहिनी ताक पाजायच्या.

दातांच्या फटीतून अण्णांनी विचारलं, "धोटा त्योच हाय का?"

"तोच आहे, अण्णा."

"चव येती अजून?"

"येते की."

अण्णांनी इकडं तिकडं पाहिलं आणि हात पुढं केला. "उद्या घिऊन ये की लेका. नुसता वास घेतो."