आतल्या वेढ्याचा जोड

माझं अक्षर किरटं आहे, ओळी खाली घसरतात आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. हे पान कधी कुणाच्या हाती पडलंच, तर त्यानं एवढं पोटात घालावं. करमाडच्या पुढं आमचं गाव. तिथं शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला करमाडला जावं लागायचं आणि घरची मेंढरं राखायला कुणीतरी पाहिजे होतं. ते कुणीतरी मी झाले. आता मुलीच्या जुन्या वहीत कोरी पानं उरलीत. दुपारी लाईट गेली की मशीन बंद पडतं, तेवढ्यात लिहिते.

आम्ही आता शहरात, चिकलठाण्यात दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. नवरा कंपनीत कंत्राटावर आहे. सासू आमच्याजवळच असते, तिला मी आत्या म्हणते. मी फॉल-पिको करते, ब्लाऊज शिवते. रस्त्याच्या पलीकडं नव्या सोसायट्या झाल्यात, तिथल्या बायका कपडे घेऊन येतात. त्या बोलतात, मी मान हलवते. लोक म्हणतात, बाई गरीब आहे, शब्दाला शब्द लावत नाही. मलाही तसंच वाटायचं.

त्या सोसायटीतल्या एक काकू साडी घेऊन आल्या. जांभळी साडी, हिरवे काठ, कापड हाताला मऊ.

"माझ्या आईची आहे. भाचीच्या लग्नात नेसायचीय. याला नवीन फॉल लाव आणि यावर ब्लाऊज शीव. मापाचं ब्लाऊज पिशवीत आहे."

मी मान हलवली. त्या गेल्या.

आजकालच्या साड्यांना नेसूच्या टोकाला, म्हणजे आत खोचायच्या बाजूला, ब्लाऊज पीस जोडूनच येतो. तो कापून घ्यायचा, हे माझं रोजचं काम. या साडीला मात्र त्या टोकाला रेघ नव्हती, नक्षी बदलत नव्हती, काठ सरळ शेवटपर्यंत गेलेला. मला शंका आली. फोन हातातसुद्धा घेतला. मग वाटलं, काकू म्हणतील एवढंही कळत नाही का, मग कशाला मशीन घेऊन बसलीस? फोन ठेवला आणि कात्री लावली. दिवस कलेपर्यंत कापलेल्या भागाचे ब्लाऊजसाठी तुकडे करून, बाह्या शिवून, त्यांना साडीचा काठही लावून झाला होता.

संध्याकाळी काकूंची सून आली. हातात हिरवं कापड.

"ताई, हे ब्लाऊजचं कापड द्यायचं राहिलं होतं. आई म्हणाल्या, जुन्या साडीत पीस नसतो, हे देऊन ये."

मी तिच्या हातातल्या कापडाकडं बघत राहिले. मग मशीनवरच्या बाह्या तिला दिसल्या. कापड ठेवून ती पाय न वाजवता ओटा उतरली.

सकाळी काकू स्वतः आल्या. अंगातल्या कपड्यांवरूनच त्यांनी साडी गुंडाळून बघितली. निऱ्या जेमतेम दोन पडल्या आणि पदर खांद्यावर येऊन संपला.

"अगं, माझ्या आईच्या साडीला कात्री लावायच्या आधी एक फोन करता येत नव्हता? तोंड दिलंय ना देवानं?"

"मी भरून देते काकू."

"कुठल्या दुकानात मिळते माझ्या आईची साडी? सांग, मीच आणते जाऊन."

सुनेनं नंतर चौकशी करून तशाच नव्या साडीची किंमत कळवली. सात हजार. त्या सकाळी काकूंनी साडी उचललीच नाही. "ठेव तुझ्याकडंच," म्हणाल्या आणि गेल्या. लग्न पुढच्याच महिन्यात होतं.

नवऱ्याला सांगितलं. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता बाहेर जाऊन ओट्यावर बसला. पुढच्या दिवसांत सोसायटीतून कुणी आलं नाही. एक बाई तर न शिवलेलं कापड परत घेऊन गेली, म्हणे दिवाळीला बघू. सात हजार भरायचे कामातून आणि कामच येईना. सकाळी उठायच्या आधीच अंग दुखायचं.

साडी मशीनवर तशीच पडून होती. आत्यानं एका दुपारी ती मांडीवर घेतली. तिला आता नीट दिसत नाही, ती बोटांनी बघते.

"दंड घाल की याला."

लुगडं बसायच्या जागी विरलं की तेवढं कापून टाकायचं आणि चांगले तुकडे जोडायचे, त्याला गावाकडं दंड घालणं म्हणतात. आत्यानं मेंढरांमागं फिरताना अशीच लुगडी नेसली. मला राग आला.

"आत्या, त्या सोसायटीतल्या बाया आहेत. लग्नात जोडाची साडी नेसतील का त्या?"

"मग सात हजार भर अन् साडी उशाला घेऊन झोप," आत्या म्हणाली. "मशीनवाली झालीस लई! आम्ही जोडाच्या लुगड्यावरच सोयरिकी केल्या. कुणाचं लग्न मोडलं नाय."

मी शिलाईचा क्लास केलेला. आत्याच्या हातशिलाईला मी मनातून हसायचे. त्या दिवशी हसायला जीव नव्हता.

दुसऱ्या दिवशी दार लावून ती साडी मी स्वतःच नेसून बघितली. जोड घालायचं आत्यानं सांगितलं होतं, पण तो लपेल कुठं? नेसताना हळूहळू कळलं. साडीचा पहिला वेढा कुणालाच दिसत नाही. त्यावर निऱ्या येतात, मागून दुसरा वेढा येतो. मी कापलं होतं तेही त्याच टोकाचं. म्हणजे तिथं साधं सुती कापड जोडलं तरी चालणार होतं. फक्त पावलांपाशी चालताना आतला काठ थोडा डोकावतो. तिथं काय करायचं, हे मला स्वयंपाक करताना सुचलं. बाह्यांना लावलेला हिरवा काठ उसवायचा आणि जोडाच्या खालच्या कडेला लावायचा. बाह्या बिनकाठाच्या राहतील, पण साडी पुरेल. तव्यावरची भाकरी करपली त्या नादात.

गुलमंडीच्या बाजारात जाऊन जांभळं कापड शोधलं. दुकानदार वैतागला, मी साडीचं टोक धरून एकेक गठ्ठा उजेडात न्यायला लावत होते. जोड मशीनवर घालणार होते, तर आत्या म्हणाली, "हातानं घाल. मशीनची शिवण ताठ राहती."

हातानं घातला. तिनं अंगठा फिरवला. "हितं गाठ लागती. उसव."

उसवला, परत घातला.

"उसव."

"आत्या, आतल्या वेढ्यात कुणाला दिसणार आहे?"

"दिसणार नाय. टोचंल की तिला."

मी परत सुई ओवली. डोळ्यांत पाणी येत होतं, थकव्याचं की कशाचं, कळत नव्हतं. शेवटी तिचा अंगठा जोडावरून गेला आणि थांबला नाही. "व्हय," एवढंच म्हणाली.

नवीन फॉल लावला आणि साडी, शिवलेलं ब्लाऊज, ते हिरवं कापड घेऊन सोसायटीत गेले. वॉचमननं कुणाकडं जायचंय विचारलं, तेव्हा परत फिरावंसं वाटलं. काकूंनी दार उघडलं, हसल्या नाहीत. साडी आत नेली आणि नेसून बाहेर आल्या. पदर गुडघ्यापर्यंत आला होता. हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत चालल्या, परत आल्या.

सून म्हणाली, "आई, परत एकदा चाला. नवरी बघायला आल्यासारखं वाटतंय."

काकूंनी तिच्याकडं रोखून बघितलं. मग मला म्हणाल्या, "टोचत नाही. जोड कुणी घातला?"

"सासूनं शिकवला. मी घातला."

मग मी विचारलं. "काकू, पैसे महिन्याला थोडे थोडे दिले तर चालतील का?"

"आता कसले पैसे? साडी झाली की," सून म्हणाली.

काकू पदरावरून हात फिरवत उभ्या होत्या. "नेसता आली. आईची होती तशी नाही झाली. दे, जमतील तसे."

जिना उतरताना वाईट वाटलं. घरी येईपर्यंत तसं वाटेनासं झालं. त्या खरं तेच बोलल्या होत्या.

लग्नात त्यांनी ती साडी नेसली, सुनेनं फोटो दाखवला. जांभळ्या ब्लाऊजच्या बाह्या बिनकाठाच्या, पण कुणी बाह्यांकडं बघतंय असं दिसलं नाही. हळूहळू कामं परत आली. आता मी प्रत्येकीला विचारते, यात पीस आहे का, कुठून कापू, तुम्ही खूण करून देता का. सोसायटीतल्या बायका थट्टा करतात, "ही वकीलच झालीय, उलटतपासणी घेते." घेऊ दे मजा. पूर्वी मी विचारत नव्हते, ते लाजेमुळं, असं म्हणायचे. पण मला येत नाही हे कुणाला कळू नये, एवढंच त्यात होतं. गरीब बाई कसली? ताठाच होता तो, गप्प बसलेला.

थकवा मात्र गेला नाही. सोसायटीत पैसे द्यायला जायचे तेव्हा कधी पाचशे असायचे, कधी तीनशे. मुलीच्या तापात एक महिना काहीच नव्हतं. तेही जाऊन सांगितलं, दारात उभं राहून, तोंडानं. काकू दर वेळी पैसे मोजायच्या आणि पाणी द्यायच्या. जास्त बोलल्या नाहीत कधी.

काल शेवटचे दिले. त्यांनी मोजले, पर्समध्ये ठेवले आणि म्हणाल्या, "झाले पूर्ण." मी पाणी प्यायले आणि निघाले.

आत्या दारात गहू निवडत होती, बोटांनी. माझी पावलं ओळखून म्हणाली, "फिटले का गं?"

"व्हय आत्या. सगळे फिटले."

"मग पड जरा आता."

मी पडले.