उडत्या टॅक्सीचं खळं

धुरपताबाईने सारवलेल्या खळ्यावर मोहरीचा दाणा पडला तरी सापडेल, असं गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या आसपासच्या पाच-सात गावांत म्हणायचे. आता कोणी म्हणत नाही, कारण खळीच उरली नाहीत. भातशेताच्या बांधीत हार्वेस्टर शिरतो आणि तासाभरात धान पोत्यात. बैलांनी धान तुडवायची चुरणी गेली आणि बाईच्या हातांना अंगण सारवण्यापलीकडे काम राहिलं नाही. बासष्टाव्या वर्षी असे हात रिकामे बसवणं म्हणजे शुद्ध अन्याय, आणि तो ती आपल्या नवऱ्याला, बकारामला, रोज मोठ्या आवाजात ऐकवायची.

अशात तिच्या शेताच्या हद्दीच्या धुऱ्यापलीकडच्या मोकळ्या बांधीत ते यंत्र आलं. आठ पंख्यांचं, विजेवर चालणारं, धावपट्टी न मागता जागच्या जागी सरळ वर चढणारं. हवेतली टॅक्सी! बनवणारी पोरगी गोंदियाचीच. प्रेरणा तिचं नाव. नागपुरात शिकली आणि चार मित्रांना घेऊन कंपनी काढून बसली. माणूस बसवायची परवानगी अजून नव्हती, म्हणून आत वाळूची पोती ठेवून उडवायचे. धुरपताबाई पहिल्याच दिवशी धुऱ्यावर जाऊन बसली. यंत्र वर चढलं तशी ती उठून उभी राहिली आणि लहान पोरीसारख्या टाळ्या पिटू लागली.

"येडी झाली का वं?" बकाराम म्हणाला.

"हव, झालो! तुमी बी पाहा ना वर!"

यंत्र चढायचं झोकात, पण उतरायला नाटकं करायचं. पंख्यांच्या वाऱ्याने धुरळा आणि धानाच्या पेंढ्याचं तणीस असं काही उसळायचं की जमिनीवरची खूण यंत्राच्या कॅमेऱ्याला दिसायचीच नाही. खूण दिसली नाही की ते पुन्हा वर. शेवटी प्रेरणाने जीव मुठीत धरून रिमोटवर स्वतःच्या हाताने उतरवायचं. आणि परवा मुंबईहून पैसे लावणाऱ्या मॅडम बघायला यायच्या होत्या. आधी मिळालेले पैसे संपत आले होते. पुढची खेप मिळाली नाही तर गाशा गुंडाळायचा, एवढा साधा हिशेब. सिमेंटचा ओटा पक्का व्हायला आठवडे लागतात. ताडपत्री अंथरून पाहिली, ती फाटून उडाली.

"खळं कर ना पोरी," धुरपताबाई धुऱ्यावरून ओरडली. "सिमिट कायले पाह्यजे? एक काडी उडाली तं माहं नाव बदल."

"आजी, हे मशीन आहे, धान नाही."

"मंग? मशीनच्या हवेले का मालूम, खाली का हाये ते?"

प्रेरणाने फाटक्या ताडपत्रीकडे पाहिलं आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी उजाडताच काम सुरू झालं. माती खणली, पाणी शिंपलं, चौघा इंजिनिअरांकडून ती तुडवून घेतली, चोपण्याने चोपली. एकाने बुटासकट पाय ठेवला तर बाईने त्याला तिथेच फैलावर घेतलं. "खळ्यावर लक्ष्मी येते. जोडे काढ!" दुपारपर्यंत सगळी कंपनी अनवाणी. मग शेणाचा पहिला हात, ऊन लागल्यावर दुसरा. इतकी खूश बाई कित्येक वर्षांत कोणी पाहिली नव्हती. संध्याकाळी तिने पोरांना घरी पिटाळलं. "जा आता. उरलेलं मी करतो."

सकाळी प्रेरणा आली आणि कडेलाच थांबली. गुळगुळीत खळ्याच्या बरोब्बर मध्यभागी छातीएवढ्या उंचीचा सागाचा खुंट उभा होता. हळदीकुंकू लावलेला, वर झेंडूचं फूल.

"आजी! हे काय?"

"मेढ. बैल कायच्या भवताल फिरतीन मंग? खळं हाये तं मेढ नाई ला..."

बाईचं वाक्य अर्ध्यातच थांबलं. चाळीस वर्षांच्या सवयीने हातांनी डोक्याला न विचारता मेढ रोवली होती, अगदी यंत्र उतरायच्या जागी! तिचा चेहरा पडला. ती दोन्ही हातांनी मेढ गदागदा हलवू लागली.

हातात दोन तास. सगळ्यांनी मिळून मेढ उपटली, खड्डा बुजवला, चोपला, सारवला. पण जागा ओलीच. तिथला चिखल उसळून पंख्यांत गेला तर खेळच खलास. प्रेरणाने डोक्याला हात लावला. "फोन करून सांगते, येऊ नका म्हणून."

"चूप बस! अवकाळी पाणी आलं तं आमी का चुरणी सोडून देत होतो?" बाई कडाडली आणि बकारामकडे वळली. "अवो, गोवऱ्या आना टोपलंभर!"

ओल्या जागेवर गोवऱ्या रचून तिने विस्तव केला. जाळ नाही, नुसती धग. वारा घालत ती वाकून बसली, घामाने निथळत, मिनिटामिनिटाला तळवा टेकवून बघत. मॅडमची गाडी आली ती धूर बघूनच थबकली.

"जळालं की काय?"

"नाही मॅडम, वाळवून राहिलो!" प्रेरणाच्या तोंडून निघून गेलं.

राख झाडली, ओलं फडकं फिरवलं, चुन्याचं वर्तुळ काढलं आणि यंत्र उडालं. बांधीवरून एक फेरी मारून ते खाली येऊ लागलं. सगळे वर बघत होते, एकटी धुरपताबाई खाली. शेजारच्या बांधीतलं तणीस उधळलं, बकारामची टोपी थेट दुसऱ्या धुऱ्यावर गेली, बाईचा पदर उडाला. खळ्यावरून मात्र काडी हलली नाही. यंत्राचे पाय चुन्याच्या वर्तुळात अलगद टेकले आणि पोरांनी आरोळी ठोकली. बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मॅडम टाळ्या वाजवत पुढे निघाल्या.

"जोडे काढा!" चारही इंजिनिअर एका सुरात ओरडले.

मॅडम गोंधळल्या, मग अनवाणी आत गेल्या, आणि यंत्राला हात लावायच्या आधी त्यांनी वाकून जमिनीवरून हात फिरवला.

तीन आठवड्यांनी प्रेरणा फोन नाचवत धुरा ओलांडून धावत आली. "आजी, पैसे मिळाले! सगळे मिळाले! आपण इथंच राहणार!" उपटलेली मेढ आता बांधीच्या कडेला उभी आहे, तिच्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारं कापड फडफडतं. "बोला आजी, काय पाहिजे तुम्हाला?"

"मानूस बसवाची परवानगी आली का, पयली मी बसन."

"भीती नाही वाटणार?"

"वाटन ना. पन एक डाव वरून पाहाचं हाये मले माहं खळं. जलमभर वाकूनच पाह्यलं."