बेटावरची भट्टी

मला हरायला आवडत नाही. लहानपणी सापशिडीत साप चावला की मी पट उधळून द्यायची, आणि एकविसाव्या वर्षीही त्यात फारशी सुधारणा झाली नव्हती. त्यामुळे त्या बेटानं मला सलग बारा दिवस हरवलं तेव्हा घरात माझ्याशी बोलायची कुणाची छाती होत नव्हती.

बेट कॉम्प्युटरमधलं होतं. मामानं आपलं नेट कॅफे बंद केलं आणि तिथला एक जुना कॉम्प्युटर कारखान्यांच्या उद्यमनगरामागच्या आमच्या दोन खोल्यांत येऊन पडला. सांगायला तो माझ्या टायपिंगसाठी होता. पण सोबत आलेल्या सीड्यांत हा गेम निघाला आणि टायपिंग बाजूला राहिलं. जहाज फुटतं, आपण एकटेच एका बेटावर वाहून येतो, आणि चाळीस दिवसांत होडी बांधून निघालो नाही तर वादळ येऊन सगळं धुऊन नेतं. झाडं तोडता येत होती, दोर वळता येत होते, फळ्याही मी रचून ठेवल्या होत्या. फळ्या जोडायला खिळे हवेत आणि खिळ्यांना लोखंड. डोंगरात लोखंडाचा तांबडा दगड होता. मी मातीची भट्टी बांधली, कोळसा पाडला, दगड आणि कोळसा आत घालून भाता मारला आणि उघडून बघितलं तर आत काळा मळ. दहा वेळा केलं, दहाही वेळा मळच. सीडीबरोबर पुस्तक नव्हतं, आणि मैत्रिणींना विचारावं तर त्या हसायच्या.

खरं तर विचारण्यासारखा माणूस त्याच खोलीत होता. माझ्याकडे पाठ करून कॉटवर बसलेला.

माझे वडील, म्हणजे आमचे आण्णा, बावीस वर्षं एका फाउंड्रीत भट्टीवर होते. कोकवर चालणारी, दोन माणसं उंच जुनी भट्टी. डोळ्याला निळी काच लावून तिच्या भोकातून आत बघायचं आणि नुसत्या रंगावरून लोखंड तयार झालं की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. ते म्हणाले ओता, की ओतायचं. चार महिन्यांपूर्वी मालकानं ती भट्टी पाडली आणि विजेची बसवली. तिच्यावर कॉम्प्युटरचं पॅनेल. मालक माणूस बरा होता. नव्या भट्टीवर बसा, पोरं शिकवतील, असं त्यानं सांगितलं होतं. आण्णा त्या दिवशी घरी आले ते परत गेलेच नाहीत. त्या डबड्यातलं मला काय कळतंय, एवढंच म्हणायचे. निळी काच मात्र अजून सदऱ्याच्या खिशात असायची, धुवायला टाकताना आई काढून ठेवायची आणि ते पुन्हा घालायचे.

आणि त्यातच आमच्या घरी आणखी एक डबडं आलेलं. आण्णांनी त्याच्याकडे एकदाही मान वळवली नाही. अठ्ठेचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस दिवसभर भिंत बघत बसतो, याचा मला राग यायचा आणि रडूही यायचं. आई सांगून थकली. त्यात शनिवारी मालकाचा निरोप आला. मंगळवारपर्यंत वाट बघतो, नाहीतर दुसरा माणूस घेतो. आण्णांनी ऐकून घेतलं आणि चहा मागितला.

त्याच दुपारी अकराव्या वेळी भट्टीतून मळ निघाला. मी माऊस आपटला आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, दगड घातला, कोळसा घातला, भाता मारून हात मोडला, तरी लोखंड काही निघत नाही.

"चुनखडी घातलीस का?" पाठीमागून आवाज आला.

मी वळले. आण्णा अजून भिंतीकडेच बघत होते.

"चुनखडीबिगर मळ सुटतोय व्हय लोखंडाचा? बावीस वर्षं काय मी भट्टीत खडीसाखर टाकत हुतो?"

मग ते उठले. चार महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून उठले म्हणा ना. माझ्यामागे उभे राहून त्यांनी माझ्या भट्टीची जी काही शोभा केली ती इथे लिहीत नाही. तिला त्यांनी भाकरीची चूल म्हटलं हे त्यातलं सगळ्यात सौम्य. वारं खालून आलं पाहिजे, तोंड लहान पाहिजे, थर उंच पाहिजेत. मी निमूट भट्टी पाडून नवी बांधली. मी निमूट काही करते हे बघून आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

आता चुनखडी. रविवारचा अख्खा दिवस आम्ही बापलेक त्या बेटावर पांढरा दगड शोधत फिरलो. आण्णा बोटानं पडद्यावर दाखवायचे, ह्या टेकडीमागं बघ, त्या ओढ्यात बघ, आणि मी पळत जायची. पांढरं काही दिसलं की उचलायची. गारगोटी निघाली, हाडं निघाली, एकदा तर बगळाच निघाला. असे बेटावरचे सात दिवस वाया गेले आणि संध्याकाळी मोजले तर वादळाला दोनच उरले होते. आण्णा पुन्हा कॉटवर जाऊन बसले. "न्हाय बेटावर चुनखडी. मग भट्टी तरी कशाला दिलीया त्यांनी," असं पुटपुटले आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, गेलं. होडीही गेली आणि मंगळवारही गेला.

सोमवारी दुपारी जेवणं झाल्यावर आई पान लावत खुर्चीशेजारी टेकली. आवरून तीही निवांत झाली होती. तिनं चुन्याची डबी उघडली, बोटावर चुना घेतला आणि पडद्याकडे बघतच राहिली.

"चुना पायजे म्हणून दोघं डोंगर धुंडाळतायसा," ती म्हणाली, "आन समोर किनारा भरून शिंपलं पडल्यात की. आमच्या चंदगडात, माहेरला, बाजाराला गोव्याकडनं शिंपल्याचाच चुना यायचा."

 मी आणि आण्णा पक्की घाटावरची माणसं. समुद्र आम्ही एकदा गणपतीपुळ्याला बघितलेला, तोही प्रसाद खाऊन घाईनं. शिंपले म्हणजे पोरांनी खिशात भरायची वस्तू. पहिल्या दिवशी मी पिशवी भरभरून उचलले होते आणि ओझं होतं म्हणून स्वतःच फेकून दिले होते. बारा दिवस मी त्यांच्यावरून चालत होते.

दुपारी तीनला आमच्या भागातली लाईट जायची, आणि बेटावर सूर्य मावळल्याशिवाय गेम राखून ठेवता येत नसे. घड्याळात सव्वादोन झाले होते. मी शिंपले गोळा केले. आण्णांनी थर सांगितले, खाली कोळसा, मग दगड, वर शिंपले, पुन्हा कोळसा. मी पेटवलं आणि भाता मारायला लागले. भट्टीच्या भोकातून उजेड आला. मी सवयीनं भट्टी उघडायला गेले तसा त्यांनी माझा हात धरला.

"थांब. लाल हाय अजून."

आणि त्यांनी खिशातून निळी काच काढली, डोळ्याला लावली आणि वाकून मॉनिटरमध्ये बघायला लागले. आई तोंडाला पदर लावून हसत होती. मला हसू आलं नाही. मला त्या चेहऱ्यावर माझे वडील दिसले, भट्टीवर डबा द्यायला गेल्यावर दिसायचे तसे. भाता मारून माझं बोट दुखायला लागलं, घड्याळात पावणेतीन झाले, तरी ते हूं की चूं करेनात. उजेड नारिंगी झाला, मग पिवळा.

"आता," आण्णा म्हणाले. "पण मी फोडणार."

त्यांनी माऊस हातात घेतला तो आधी रिमोटसारखा उचलून हवेत धरला. मी तो टेबलावर ठेवला, बाण भट्टीच्या तोंडावर नेऊन दिला आणि हात काढून घेतला. त्यांनी एका बोटानं दाबलं. भट्टी फुटली, मळ एका अंगानं वाहून गेला आणि मागे पिवळंजर्द लोखंड राहिलं. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू काय झालं म्हणून बघायला आल्या. आईनं त्यांना सांगितलं की आमच्यात लोखंड निघालं, आणि त्या काहीच न कळता हसून परत गेल्या.

खिळे ठोकले, फळ्या जोडल्या, होडी पाण्यात ढकलली. बेट लहान लहान होत गेलं आणि मागे आभाळ काळं झालं. तीनला पाच कमी होते. लाईट गेल्यावरही आम्ही तिघं काळ्या पडद्यासमोर बसून होतो. आई म्हणाली, आता चहा करते, आणि तीही उठली नाही.

मंगळवारी सकाळी मी जागी झाले तेव्हा आण्णा कामाचे कपडे घालून सायकल पुसत होते.  पुढचं मला संध्याकाळी त्यांच्याच तोंडून कळलं. पॅनेलवरचा पोरगा त्यांना समजुतीनं सांगायला लागला, काका, भिऊ नका, हा कॉम्प्युटर असतो. आण्णांनी काच खिशात सारखी केली आणि म्हणाले,

"ठावं हाय. कालच घरात त्याच्यावर लोखंड वितळवलंय मी. तू फक्त बटण कुठलं ते सांग, रंग मी बघतो."

पुढं अकरा वर्षं ती भट्टी त्यांच्याच हाताखाली चालली. निवृत्तीच्या दिवशी सत्काराला उभे राहिले तेव्हा त्यांनी हीच गोष्ट सांगितली, बेट, होडी, निळी काच, सगळं तिखटमीठ लावून. पहिल्या रांगेत आई बसली होती. गोष्ट लोखंडापर्यंत आली तसे ते थांबले, तिच्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "पण शिंपलं हिनं दावलं." आईनं मान खाली घातली आणि चुन्याची डबी उघडली.