कॉम्प्युटर काय पुसतो

गायकवाड सर गेल्याचं मला एसटीत कळलं. जालन्याहून अंबडला परत येत होतो. कंडक्टर आमच्याच शाळेतला जुना विद्यार्थी. तिकीट फाडता फाडता म्हणाला, "सर, गायकवाड सर गेले ना." मी विचारलं, "कुठं गेले?" कारण सेवानिवृत्तीनंतर सर सारखे कुठंतरी जातच असत, जालन्यात मस्तगडला एखादी केबल आणायला, नाहीतर हसनाबादला सासुरवाडीला. त्यानं मान खाली घातली, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सकाळी दाढी करताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, असं मागच्या सीटवरच्या माणसानं सांगितलं. आता या गोष्टीला दीड-दोन महिने झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात पुष्कळ जण बोलले... सरांचं व्याकरण, सरांची शिस्त, सरांचं वाचन. शिस्तीचं म्हणाल तर ती यथातथाच होती. पोरं त्यांच्या डोळ्यांदेखत वर्गात डबे खात. कॉम्प्युटरबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही. सरांनी चिकाटीनं तडीस नेलेलं एक काम सांगा म्हटलं, तर मी तेच सांगेन. म्हणून हा खटाटोप.

ते मराठी शिकवायचे, मी गणित. शाळा एक, गल्लीही एक. ते मला मास्तर म्हणत, मी त्यांना सर. त्यांचा मुलगा मिलिंद पुण्यात नोकरीला लागला आणि पहिल्या वर्षीच त्यानं घरी कॉम्प्युटर आणून ठेवला. पुढं नातवाचे फोटो ईमेलनं यायचे, सर ते उघडून दाखवायचे. कौसल्यावहिनींनी त्या मशीनवर विणलेला रुमाल घातला होता, टीव्हीवर घालतात तसा. वहिनी सातवी पास. मराठी घडाघडा वाचतात, इंग्रजीत सही सोडून काही नाही. त्यांची आई हसनाबादला असायची. म्हातारीनं जन्मात कधी फोटो काढू दिला नव्हता. वहिनींच्या भाच्यानं नवा डिजिटल कॅमेरा घेतला आणि आजीला बोलण्यात गुंतवून एक फोटो काढला. पुढच्याच महिन्यात म्हातारी गेली. तो एकुलता एक फोटो सरांच्या कॉम्प्युटरमध्ये आला. वहिनी रोज दुपारी भांडी झाली की तो उघडून बघायच्या. एवढंच त्या शिकल्या होत्या.

आणि एक दिवस त्यांनी तो घालवला. काय झालं ते त्यांनीच सांगितलं. "फोटो जरा बाजूला सरकवायला गेल्ते, तर त्यानं इंग्रजीत काही तरी इचारलं. येस अन् नो. म्या म्हणलं, घरात कोणी इचारलं तर न्हाई कशाला म्हणायचं?" फोटो कॉम्प्युटरमधल्या कचऱ्याच्या डब्यात गेला. तिथून तो परत काढता आला असता. पण दोन-तीन दिवसांनी त्यांना डबा भरलेला दिसला. भरलेला डबा घरात कोणती बाई ठेवते? त्यांनी तो रिकामा करायला घेतला. तिथंही त्यानं विचारलं, तिथंही त्या हो म्हणाल्या. भाच्याच्या कॅमेऱ्यातून फोटो कधीच पुसले गेलेले. मिलिंदनं दिवाळीत येऊन पुष्कळ झटापट केली आणि शेवटी मान हलवली.

वहिनी आमच्यासमोर रडल्या नाहीत. पण त्या खोलीत जायच्या बंद झाल्या. नातवाचे फोटो आले तरी दारातूनच बघायच्या. झाडूसुद्धा सर मारायचे. स्टाफरूममध्ये सर मला म्हणाले, "मास्तर, चूक तिची न्हाई. पोराला न येणाऱ्या भाषेत पेपर द्यायचा अन् नापास करायचं, असं झालं हे." मी म्हणालो, सर, मशीन ते, त्याला काय कळतंय. तर म्हणाले, "मी हाय तोवर ठीक हाय. उद्या मी नसलो तर? सोताच्या घरातल्या वस्तूला भिऊन ऱ्हायाचं का तिनं?" मला तेव्हा हे जरा अतीच वाटलं. सरांना सवय होती, साध्या गोष्टीचं तत्त्वज्ञान करायची.

नंतर कधीतरी ते मस्तगडच्या दुकानातून एक सीडी घेऊन आले. लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची सिस्टीम. दुकानदार म्हणाला होता, "सर, ये फुकट में मिलता है, फिर भी कोई लेता नहीं." फुकट आहे यात सरांना काडीचा रस नव्हता. त्यांनी एकच विचारलं होतं, की यातले शब्द बदलता येतात का. दुकानदार म्हणाला, ही कुणा एकाची मालमत्ता नाही, आतलं सगळं उघडं आहे, जो चाहिए बदलो. झालं. पुढच्या दिवाळीची अख्खी सुट्टी त्यात गेली. मी गणितवाला म्हणून मला शेजारी बसवायचे. माझा उपयोग शून्य. कधी पडदा काळा राहायचा, कधी माऊस मेल्यासारखा पडायचा, आणि एकदा तर जुनं सगळं साफ झालं. सरांच्या प्रश्नपत्रिकाही गेल्या. ते शांत. वहिनी चहा करायच्या आणि उंबऱ्याबाहेर ठेवून जायच्या. मी कंटाळून म्हणालो, "सर, सोडा हा नाद." ते म्हणाले, "जल्दी काय हाय?" अखेर एके दिवशी ते चालू झालं. मराठीसुद्धा आली. निम्मे शब्द मराठी, निम्मे इंग्रजी, आणि वेलांट्या आपापली अक्षरं सोडून शेजारच्यांकडे जाऊन बसलेल्या. तरी आम्ही दोघं त्या दिवशी मुलगा पास झाल्यासारखे खूश होतो.

मग परीक्षा. सरांनी अंगणातल्या झेंडूचा एक फोटो त्यात टाकला आणि वहिनींना बोलावलं. त्या उंबऱ्यावर थांबल्या. सरांनी मुद्दाम फोटो काढून टाकायची आज्ञा दिली. चौकोन आला, खाली दोन बटणं, ‘मिटवा’ आणि ‘रद्द करा’. "वाच," सर म्हणाले, "अन् फूल वाचव." वहिनींनी दोन्ही वाचली आणि म्हणाल्या, "कसं वाचवू? ह्यो बी मिटवतो, त्यो बी मिटवतो." आता आली का पंचाईत! रद्द म्हणजे केलेला विचार मागे घेणे, असं त्या मशीनचं म्हणणं. आमच्याकडे रेशनकार्ड रद्द होतं, बस रद्द होते, आणि रद्द झालेली गोष्ट अंबडात तरी पुन्हा दिसत नाही. सरांनी दोन्ही बटणं पुन्हा वाचली. मग म्हणाले, "बराबर हाय हिचं. बिलकुल बराबर हाय."

या सिस्टीमचं मराठी करणारी काही मंडळी पुण्या-मुंबईकडे होती. सरांनी त्यांना ईमेल पाठवून ‘रद्द’वर आक्षेप घेतला. त्यांचं उत्तर फार सभ्य आलं: शब्द प्रमाण मराठीत आणि सर्वांना चालतील असे असावेत. मला राग आला. सरांना नाही. "त्यांचं त्यांच्या जागी ठीक हाय," म्हणाले, "मी माझ्या घरापुरतं बदलतो." ते कसं करायचं हे सरांनी त्या मंडळींनाच विचारून घेतलं, आणि त्यांनीही मनापासून सांगितलं. एक लांबलचक फाइल असायची. इंग्रजी ओळ, तिच्याखाली मराठी. मराठी बदलायची, ती फाइल एका आज्ञेनं आत घालायची, पुन्हा सुरू करून बघायचं. सरांनी पहिलाच शब्द मोठ्या हौसेनं लिहिला. मिटवणं पुस्तकी वाटतं, पाटी आपण पुसतो, म्हणून चौकोनात आलं: ‘पुसू का?’ खाली ‘हो’ आणि ‘नको’. वहिनींना पुन्हा बोलावलं. या खेपेला त्या आत आल्या, खुर्चीवर टेकल्या, वाचलं, हसल्या आणि म्हणाल्या, "पुसा की बाबा. पुसायला काय हरकत?" आणि ‘हो’ दाबलं. झेंडू गेला.

हसनाबादकडे पुसणं म्हणजे विचारणं. वाटसरूला गाव पुसतात, पाहुण्याला खुशाली पुसतात. त्या आता पुढच्या प्रश्नाची वाट बघत होत्या. मी पोट धरून हसलो. वहिनी उठल्या. "मला न्हाई जमायचं ते. बंद करून टाका," म्हणाल्या आणि निघून गेल्या. सरांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी हसू आवरलं. मग म्हणाले, "मास्तर, पाटीवरचं पुसणं एक अन् तिच्या माहेरचं पुसणं एक. मला ठाऊक होतं की हो हे... लग्नानंतर ती माझ्याशी पहिलं बोलली तेच ‘एक पुसू का?’ असं."

तिथून पुढं सरांची कामाची जागा बदलली. ते स्वयंपाकघरात पाट टाकून बसायला लागले. लसूण सोलायच्या निमित्तानं वहिनींशी बोलत राहायचे आणि त्या काय म्हणतात ते ऐकायचे. शिळी भाजी दिसली की वहिनी विचारायच्या, "फेकून देऊ का?" सर म्हणायचे, "ऱ्हाऊ दे." हेच उचललं त्यांनी. मशीन विचारणार, ‘हे फेकून देऊ का?’ आणि बटणं, ‘दे फेकून’ आणि ‘ऱ्हाऊ दे’. मला वाटलं, आता काही अडचण नाही. वहिनींनी वाचलं, त्यांना कळलंही, पण बोट काही दाबेना. "आता काय झालं?" सर म्हणाले. वहिनी अवघडून म्हणाल्या, "तुम्हाला ‘दे’ कसं म्हणू?" मी म्हणालो, "वहिनी, मशीन आहे ते." तर मलाच म्हणाल्या, "मशीन कुठलं, भाऊजी? सरांचंच बोलणं हाय ना सारं." सरांनी त्याच दिवशी दुरुस्ती केली. ‘द्या फेकून’. ‘ऱ्हाऊ द्या’. वहिनींनी ‘ऱ्हाऊ द्या’ दाबलं, चौकोन गेला आणि नवा झेंडू जागच्या जागी राहिला. त्यांनी पुन्हा तेच केलं. फूल काढायला सांगायचं आणि त्यानं विचारलं की वाचवायचं. किती वेळ तेच चाललं होतं. सर मागे उभे होते, चष्मा पुसत. आईचा फोटो काही त्यामुळं परत आला नाही, हे तिघांनाही माहीत होतं. पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं, हेही खरं आहे.

पुढची काही वर्षं सर त्यातले शब्द बदलतच राहिले. मला सगळे माहीत नाहीत. कधीमधी चहाला गेलो की वहिनी आत नातवाचे फोटो उघडताना दिसायच्या. मी जाऊन बसलो तरी उठायच्या नाहीत.

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो. मिलिंद आला होता. त्यानं आईसाठी लॅपटॉप आणला होता आणि जुना कॉम्प्युटर घेऊन जायचं म्हणत होता. त्याचं चुकत नव्हतं. "आई, उद्या हे बिघडलं तर कोणी हात लावणार नाही. बाबांनी आत काय काय करून ठेवलंय, मलाच कळत नाही."

"मला कळतं," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला आणि कॉम्प्युटरखालचा बॅटरीचा डबा टूं टूं करायला लागला. कॉम्प्युटर बंद करायला मिलिंद उठला. वहिनी म्हणाल्या, "बस तू," आणि चष्मा लावून स्वतः खुर्चीवर बसल्या. त्यांनी बंद करायची आज्ञा दिली, आणि मी कधी न पाहिलेला एक चौकोन आला. ‘येऊ का मंग?’ खाली दोन बटणं: ‘बसा जरा’ आणि ‘या’.

वहिनींनी ‘बसा जरा’ दाबलं. चौकोन गेला. डबा ओरडतच होता. मिलिंद खिडकीबाहेर बघत होता, मीही बघितलं... काही वेळानं त्यांनी तो पुन्हा आणला. तोच प्रश्न. या खेपेला त्यांनी पदर सारखा केला, "हं, या," म्हणाल्या आणि बटण दाबलं.