रुईमायचा सौदा
सरकीचं पोतं उघडलं, की त्या तेलकट वासासरशी मला अकोल्यातलं आमच्या घरामागचं जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचं आवार आठवतं. आणे-पैशांचा काळ होता तो. शाळा सुटली की आम्ही पोरं तिथे बाजार-बाजार खेळायचो. त्या बाजाराला आम्हीच एक देवी बनवली होती, रुईमाय. खरे दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत, तशी ती रुमालाखाली आमचा हात धरून बरकत द्यायची, आणि तिथे ठरलेलं फिरवायचं नाही असा नियम होता. एरवी माझी बहीण देवी व्हायची, पण त्या दिवशी तिला ताप होता. तेव्हा सांडलेला कापूस वेचणाऱ्या बाईची पोर सरळ कापसाच्या गाठीवर चढून बसली. तिच्या केसांवर, पापण्यांवर रुईचे तंतू होते, मागून उतरतं ऊन येत होतं, आणि ती सगळीच उजळली होती. तिला शिवायचं नाही, असं आम्हाला घरून बजावलेलं. सगळे दोन पावलं मागे सरले. "काहून रे, देवीले भेता काय?" ती हसली. मी रुमालाखाली हात घातला. तिने खरखरीत हाताने माझं एकेक बोट दाबलं आणि माझ्या अंगावर काटा आला. "तुले बरकतच बरकत. मले काय देशीन?" "मांगशीन ते." "मंग उद्याबी मलेच देवी करजा." मी तिचं बोट दाबलं, सौदा झाला. दुसऱ्या दिवशी बहीण बरी होऊन गाठीवर बसली. ती पोर खाली उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी बहिणीच्या रुमालाखाली हात घातला. आज अमरावतीत माझं सरकी-ढेपेचं दुकान आहे, आणि धंद्यात मला कधी खोट आली नाही. रुईमायने आपला शब्द पाळला.