विषारी हे विशेषण

माझे शिक्षण आठवीवर थांबले. परंतु झाशीच्या कचेरीबाहेर बसून मी लोकांचे अर्ज लिहीत आलो आणि माझ्या हातचा अर्ज सहसा फेटाळला जात नसे, हे मी अभिमानाने नमूद करतो. म्हणूनच मुलीच्या संशोधनाला सहा महिने मुदतवाढ मागणारा अर्जही मीच लिहीन, असा हट्ट मी धरला.

तिचे काम तिने मला भाजी निवडता निवडता समजावले होते. दोन लेझर किरणांच्या मिलाफातून ती टेराहर्ट्झ लहरी निर्माण करी. पण त्यांची वारंवारता सारखी सरकत राही. म्हणून त्या लहरी मेथॅनॉलची विरळ वाफ भरलेल्या नळीतून सोडायच्या. वाफेचे रेणू ठरावीक वारंवारताच शोषतात. लहर ढळली की त्या खुणेवरून लेझरला जागेवर आणायचे. आता लेझर तासभर जागेवर टिकू लागला होता.

शेजारचे स्टँपविक्रेते म्हणाले, "पंडितजी, बिटिया का लेज़र भी पेशी से भागता है क्या?"

पेशी म्हणजे कोर्टातली तारीख. मला हसू आले नाही.

अर्जासाठी तिने चार ओळी लिहून दिल्या होत्या. मला त्या कोरड्या वाटल्या. अर्जदाराचे हाल दिसल्यावाचून साहेबाचे मन द्रवत नाही, हा माझा अनुभव. मी एक वाक्य जोडले: 'प्रार्थिनी विषैली वाष्प के बीच प्राण संकट में डालकर कार्य करती है।' तिने विश्वासाने न वाचताच सही केली.

आठवड्याने त्याच वाक्यावरून विद्यापीठाने तिच्या प्रयोगशाळेला सील लावले. चौकशीची तारीख तिच्या संशोधनाची मुदत संपल्यानंतरची होती. पंप बंद पडला आहे, नळीत बाहेरची हवा शिरत असेल, एवढेच ती सांगत राहिली. नळीतली वाफ चिमूटभरही नव्हती.

मी विद्यापीठात जाऊन हात जोडले, ते वाक्य माझे आहे म्हणून सांगितले. बाबूंनी सहीवर बोट ठेवले. मजकूर खोटा असेल तर जिची सही आहे तिनेच तसे लिहून द्यावे, म्हणाले.

घरी येऊन मी लिहिले: 'पूर्व कथन असत्य था।' हा कागद तिच्या फाइलीत जन्मभर राहणार होता. माझा हात थांबला.

"थांब, 'असत्य'पेक्षा सौम्य शब्द शोधतो."

"नको बाबा. तुम्ही आता शब्द शोधू नका."

तिने या वेळी प्रत्येक अक्षर वाचले, मग सही केली. मी चपला घालून दारात उभा राहिलो. कागद घेऊन ती माझ्या शेजारून निघून गेली. 'चला' म्हणाली नाही.