मोरीविना नळ

आई गेली तेव्हा केयूर रांगत होता. वडिलांनी, नरहरींनी, दुसरं लग्न केलं नाही, आणि भावाला वाढवता वाढवता त्यांच्या लेकीचं, जयवंतीचं, पहिलंही राहून गेलं. सांडोरच्या वाडीतली केळी आणि विड्याची पानं बाजारात नेऊन तिने केयूरला शिकवलं. वडिलांच्या मागे त्याचं लग्न लावलं आणि राधिका घरात आल्यावर आपण होऊन मागच्या खोलीत बिऱ्हाड हलवलं.

पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला. स्वयंपाकघरातून कळशी आणताना ती दोनदा टेकायची. ते पाहून केयूर म्हणाला, "ताई, तुझ्या खोलीतच नळ देतो."

शेजारच्या ज्युलीला तिने हे इतक्या वेळा सांगितलं, की ती हसायला लागली.

रुडॉल्फ प्लंबरने नळ बसवला. खाली बघत तो म्हणाला, "मोरीचं केयूर काय बोलला नाय."

संध्याकाळी तिने विचारलं. केयूर म्हणाला, "जुनी भिंत आहे, ताई. भोक पाडलं तर ओल धरेल. खाली बादली ठेव."

केयूर म्हणतो म्हणजे तसंच असणार. पण आधी भरलेली कळशी आत आणायची, ती आता भरलेली बादली बाहेर नेऊ लागली. कोणी विचारलं तर सांगायची, "मोठी सोय केली पोराने."

एका दुपारी नळ सोडून ती कुंपणाशी ज्युलीशी बोलत राहिली. बादली भरून वाहिली आणि पाणी दाराखालून पुढच्या खोलीत गेलं. राधिका फडकं घेऊन धावली, मागोमाग जयवंतीही आत आली. पुसता पुसता राधिकेचा जिभेवरचा ताबा सुटला.

"तरी मी सांगत होते, मोरी करून द्या. पण हे ऐकतील तर ना. म्हणे मोरी झाली की चूल मांडली जाते, चूल मांडली की वेगळं घर होतं, मग हिस्सा..." ती थांबली. पिळलेलं फडकं तिने पुन्हा पिळलं.

जयवंती खाटेवर बसली. पायाखाली ओलं होतं, ते तिने पुसलं नाही.

केयूर कामावरून आला तेव्हा ती तिथेच होती.

"भिंतीला ओल धरते, म्हणालास."

तो राधिकेकडे पाहू लागला.

"तिच्याकडे नको, माझ्याकडे बघ. मी कधी हिस्सा मागितला?"

"नाही, ताई. पण उद्या कोणी तुझे कान भरले असते तर? काळजी घेतलेली बरी."

"माझ्यापासून काळजी?"

तिला आठवलं, की वडिलांच्या पश्चात वाडीवर नाव लावायला तलाठ्याकडे जाताना तो म्हणाला होता, "तू कशाला दगदग करतेस, मी बघतो." ती घरी थांबली होती आणि त्याच्यासाठी वालाचं बिरडं केलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "तेव्हा नव्हता मागितला. आता मागते."

दुसऱ्या दिवशी तिने रुडॉल्फला बोलावलं. भिंत फोडून त्याने मोरी बांधली, पाणी केळींकडे काढून दिलं. केयूर दारात उभा होता. अडवायची त्याची हिंमत झाली नाही. हिश्श्याचं बोलणं पुढे ज्युलीच्या ओळखीच्या वकिलांमार्फत सुरू झालं आणि वर्षभराने तिचं नाव वाडीला लागलं.

तरीही केयूर संध्याकाळी सवयीने तिच्या दाराशी थांबतो. ती भांडी घासत असते. "ये" म्हणायचं तिच्या ओठांवर येतं. मग ती मान खाली घालून घासत राहते, आणि तो थोडा वेळ उभा राहून पुढच्या खोलीत निघून जातो.